चुंबकाचा कौल

जर्मनीतील स्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेन या टुमदार गावी आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड आहे. आम्ही तेथे मुक्कामास असताना आमच्या वडील बंधूंच्या रक्ततपासणीत पी.एस.ए.चा आकडा वाढलेला आढळला. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका होती. पण सुईने ग्रंथीचा तुकडा काढू देण्यास बंधू तयार होईनात. "नुसत्या चुंबकाने निदान होत नाही का?" असे ते पुन:पुन्हा विचारीत.

प्रश्न अगदीच निराधार नव्हता. निरोगी प्रोस्टेट ग्रंथीत जस्त साठते व त्यामुळे सायट्रेटही साचते. कर्करोगात सायट्रेट घटते आणि कोलीन वाढते. मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी हे प्रमाण तुकडा न काढता मोजते. या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी फेलिक्स ब्लॉख हे ज्यू होते. १९३३ साली त्यांनी जर्मनी देश सोडला आणि १९५२ साली एडवर्ड पर्सेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळविले.

तथापि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत, नेहमीच्या एम.आर.आय.ला या तपासणीची जोड दिल्याने गाठीची जागा अधिक अचूक कळते असे दिसले नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून ती वगळण्यात आली. आधी एम.आर.आय., मग संशयित जागेचा तुकडा, हा क्रम आज रूढ आहे.

हे समजावून सांगितल्यावर बंधू राजी झाले. गाठ ग्रंथीपुरतीच मर्यादित निघाली व उपचार वेळीच सुरू झाले. चुंबक संशयाची जागा दाखवितो; निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी संकोचापायी हे दुखणे दडवू नये, एवढीच आमची विनंती.