किमान उंची

इंजिनिअरिंगला आल्यावर आपण जगाला काय काय देणार याची स्वप्नं प्रत्येकाला पडतात. कुणाला रोबो बनवायचा असतो, कुणाला सॅटेलाइट, आणि कुणाला निदान व्हायवाच्या दिवशी तरी चालेल असा मिनी प्रोजेक्ट! मी या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे इंटर्नशिप केली. तिथे काय केलं ते एका वाक्यात सांगायचं तर मी टेबलच्या रो उंच केल्या. हसू नका. घरीही सगळे हसले. "त्यासाठी इंजिनिअरिंग कशाला लागतं?" असं बाबा म्हणाले. लागतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

ई-लर्निंगचे कोर्स बनवायला खास ऑथरिंग सॉफ्टवेअर असतात. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट ही त्यातली मोठी नावं. पॉवरपॉइंट येत असेल तर निम्मं काम आलंच म्हणून समजा. स्लाइड, तिच्यावर मजकूर, चित्र, आवाज, 'पुढे' जायचं बटण आणि शेवटी क्विझ. मी जिथे होते तिथे घरगुती वायरिंग करणाऱ्यांसाठी सुरक्षिततेचा एक कोर्स इंग्रजीत आधीच तयार होता. आता तो मराठीत हवा होता. भाषांतरही करून आलेलं होतं. मला फक्त इंग्रजी काढून मराठी बसवायचं होतं. "कॉपी-पेस्ट तर आहे," असं टीम लीड म्हणाले. मी इलेक्ट्रिकलची, शिवाय आडनाव मराठी, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

कोर्समध्ये अकरा टेबल होते. टेबल म्हणजे कोष्टक. 'काय तपासायचं', 'काय करायचं', 'काय करायचं नाही' अशा तीन कॉलमचे. पहिल्या टेबलमध्ये हेडिंग धरून दहा रो होत्या आणि इंग्रजीत ते स्लाइडमध्ये असं नेटकं बसलं होतं, जणू मापं घेऊन शिवलंय. मी मराठी मजकूर पेस्ट केला आणि बघते तर टेबल भिजवलेल्या कणकेसारखं फुगत फुगत खाली गेलं! शेवटच्या दोन रो स्लाइडच्या बाहेर. त्यातली एक होती 'ओल्या हातांनी स्विचला हात लावू नका' आणि दुसरी 'अर्थिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका'. म्हणजे जे वाचल्याने जीव वाचेल, नेमकं तेच दिसेना.

माऊसने रोची खालची रेघ धरून वर ढकलली. ती थोडी वर आली आणि अडली. पुन्हा ढकलली, पुन्हा अडली. मग मी नीट शोध घेतला, तेव्हा समजलं की हा हट्टीपणा नाही, हिशोब आहे. पॉवरपॉइंटचंच उदाहरण घ्या. नवीन टेबल घेतलं की अक्षर १८ पॉइंटचं असतं. त्याच्या एका ओळीला साधारण २२ पॉइंट लागतात. सेलच्या आत वर आणि खाली ३.६ पॉइंटची मोकळी जागा असते. बेरीज केली की सुमारे २९ पॉइंट, म्हणजे १.०३ सेंटीमीटर. नव्या टेबलची रो बरोबर तेवढीच असते. याहून कमी उंची तुम्ही मागितली तरी मिळत नाही, कारण आतल्या अक्षरांना तेवढी जागा लागतेच. गंमत म्हणजे सेल रिकामा असला तरीही! तिथे अक्षर नसतं, पण अक्षराचा साइझ राखून ठेवलेला असतो. रिकामी रो बारीक करायची तर त्या रिकामपणाचाच फाँट साइझ कमी करावा लागतो. कुणी चुकून एक जास्तीचा एंटर मारून ठेवला असेल तर तो न दिसणारा परिच्छेदही जागा अडवून बसतो, बसमध्ये रुमाल टाकल्यासारखा. वेबपेजमध्येसुद्धा हेच. रोला दिलेली उंची ही 'किमान' उंची धरली जाते, आतला मजकूर मोठा असेल तर रो वाढते.

म्हणजे रोची उंची आपण ठरवत नाही, आतलं अक्षर ठरवतं. हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला. मग माझ्या मराठी अक्षराला इंग्रजीपेक्षा जास्त जागा का लागते?

उत्तर मिळालं ते वह्यांच्या कपाटात. आमच्या शाळेत इंग्रजीला चाररेघी वही होती आणि मराठीला दुरेघी. चाररेघीत 'ए' मधल्या दोन रेघांत बसायचा, 'बी' वर डोकं काढायचा, 'जी' खाली पाय सोडायचा. सगळ्यांची घरं ठरलेली, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं. आणि गंमत त्या दोरीच्याही वर चालते. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळे गच्चीवर. उकार आणि रकार तळघरात. दुरेघी वहीत दोन जोड्यांच्या मध्ये जी रिकामी पट्टी असते ना, ती मला लहानपणी वाया गेलेली जागा वाटायची. ती वाया गेलेली नव्हती, ती मात्रांची जागा होती.

आता माझ्या कोर्समधला एकच शब्द बघा, 'अर्थिंग'. 'थ'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघंही एकाच वेळी! दुसरा शब्द 'स्क्रू'. 'क'ला खाली रकार आणि त्याच्याही खाली दीर्घ ऊकार. हे दोन शब्द एका ओळीखाली एक आले तर मधे अंतर नको? इंग्रजीत '२०'च्या अक्षराला आमच्या टेबलमध्ये २४ पिक्सेलची ओळ पुरत होती. आम्ही वापरत होतो त्या देवनागरी फाँटला ३२ लागत होते. वरखालची जागा धरून एक रो ३४ वरून ४२ वर गेली. दहा रोंचे झाले ८० पिक्सेल जास्त. त्यात काही वाक्यं दोन ओळींची झाली. स्लाइडची उंची आधीच जेमतेम ५४०. टेबल बाहेर नाही जाणार तर काय!

हे काही आज समजलेलं शहाणपण नाही. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तो देवनागरीच्या सुबक टाइपांसाठी नावाजला गेला. शिशाचे खिळे हाताने जुळवायच्या त्या काळात दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून अंतर राखत. पुढे कॉम्प्युटर आला. विंडोज २००० पासून अनेक वर्षं विंडोजबरोबर येत राहिलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी केला. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत ते शिकवत असत. मंगलची ओळ एरियलपेक्षा चांगलीच उंच आहे. पूर्वी मला वाटायचं, हा फाँट एवढा ऐसपैस का बसतो? आता वाटतं, या माणसाने 'अर्थिंग' आणि 'स्क्रू' दोघांना घरात जागा ठेवली होती.

पण ऑफिसात एवढा इतिहास ऐकायला वेळ कुणाला! टीम लीडनी उपाय सांगितला, "साइझ चौदा कर आणि टाक. बसतंय ना? मग झालं." खरंच बसत होतं. दिसायलाही इंग्रजीसारखं. फक्त हा कोर्स बघणारा माणूस तो फोनवर बघणार होता. ७२० पिक्सेल रुंदीची स्लाइड उभ्या फोनवर साधारण ७ सेंटीमीटरमध्ये येते. २० चं अक्षर तिथे सुमारे २ मिलिमीटरचं होतं आणि १४ चं दीड मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यातच गच्ची आणि तळघर दोन्ही आले. अनुस्वार म्हणजे मग धुळीचा कण.

याहून वाईट प्रकार कोर्सबरोबरच्या छापील पानात होता. ते वर्डमध्ये केलेलं होतं. वर्डमध्ये रोच्या उंचीला दोन पर्याय असतात, 'ॲट लीस्ट' आणि 'एक्झॅक्टली'. पहिला म्हणतो, निदान एवढी ठेव, लागली तर वाढव. दुसरा म्हणतो, एवढीच, बाकीचं मला माहीत नाही. इंग्रजीत सगळ्या रो सारख्या दिसाव्यात म्हणून कुणीतरी 'एक्झॅक्टली' ठेवलं होतं आणि ओळींमधलं अंतरही 'एक्झॅक्टली'च. मराठीत त्याचा परिणाम असा झाला की रोने उकार खालून कापले आणि ओळीने मात्रा वरून. 'सुरू'चं झालं 'सर', 'बंद'चं 'बद' आणि 'मेन स्विच'चा 'मन स्विच'! ऑफिसात बाकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. ज्यांना मराठी सराईत वाचता येतं ते अंदाजाने पुढे जातात. मी एकेक काना-मात्रा लावत वाचते, म्हणून मला ठेच लागली. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा मराठीला झालेला हा एकमेव फायदा असावा.

मग मी ते पान आणि १४ साइझचं टेबल घेऊन आमच्या सोसायटीची कामं करणाऱ्या वायरमन काकांकडे गेले. काकांनी पान हातात घेतलं आणि माझ्यासारखंच एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "सर... बद... ताई, हे सर म्हणजे कुणाचे सर?" आम्ही दोघं खूप हसलो. फोन दिला तर त्यांनी हात लांब केला, चष्मा वर केला, दोन बोटांनी मोठं करून बघितलं. ते मोठं होईना. शेवटी फोन परत देत म्हणाले, "राहू दे ताई, मला हे माहितीच आहे. माझ्या पोराला दाखव, तो नवीन आहे." त्यांच्या हाताखाली एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. त्याने फोन घेतला, थोडा वेळ बघितलं, मान डोलावली, "हो, समजलं" म्हणाला आणि परत दिला.

घरी येताना मला हसू आलं नाही. काकांना माहीत होतं म्हणून त्यांचं काही बिघडत नव्हतं. कोर्स होता तो या मुलासाठी. आणि त्याला न दिसलेलं तो "दिसलं नाही" असं म्हणणार नव्हता. समोर कॉलेजची ताई, हातात फोन, त्यावर टेबल. चूक आपलीच असणार असं त्याला वाटलं असेल. २३० व्होल्टला मात्र कुणी मान डोलावून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी टीम लीडना मी फक्त ते छापील पान वाचायला दिलं, मोठ्याने. 'मन स्विच बद करा' इथे तेही थांबले. मग परवानगी मिळाली, वेळ मात्र चारच दिवसांचा. 'एक्झॅक्टली' सगळीकडून काढलं, 'ॲट लीस्ट' केलं. सेलमधली जास्तीची जागा आणि चुकार एंटर काढले. रिकाम्या रो उडवल्या. लांब हेडिंग छोटी केली. एवढ्यावर अकरापैकी सात टेबल २० साइझमध्ये बसले. तीन टेबल मी दोन-दोन स्लाइडवर फोडले, 'काम सुरू करण्याआधी' आणि 'काम चालू असताना' असे. फोडणं म्हणजे नुसतं कापणं नसतं. आवाजाचं टायमिंग पुन्हा लावा, 'पुढे'चं बटण जोडा, हेडिंगची रो दोन्हीकडे द्या. एका टेबलाला अर्धा दिवस गेला. अकरावं टेबल राहिलं. क्लायंटला स्लाइडची संख्या आणखी वाढवायची नव्हती. ते आजही १४ मध्येच आहे. त्यातली अर्थिंगची रो तेवढी मी जाड केली.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आम्हा मुलांची मराठीशी ओळख बरीचशी अशीच असते. इंग्रजीच्या मापाची चौकट आधी तयार असते आणि मराठी तिच्यात बसवायची असते. बसली नाही की आपण म्हणतो, मराठीत हे जमतच नाही, मराठी किती लांबलचक, किती अवघड. मग तिचा साइझ कमी करतो. चौकट कुणाच्या मापाने केली होती, हे विचारायचं राहून जातं. फोर्थ सेमला सिग्नलचं क्लिपिंग शिकलो तेव्हा वर-खाली कापलेली साइन वेव्ह मी कितीदा काढली असेल. जर्नलमध्ये लिहिलंही होतं की कापला गेलेला भाग परत मिळवता येत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढे तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअरमध्ये जाल, कुणी फॉर्म बनवाल, कुणी ॲप, कुणी नुसतं ऑफिसातलं एक टेबल. त्यात कधीतरी मराठी येईल. तेव्हा एकदा 'अर्थिंग' आणि 'स्क्रू' हे दोन शब्द टाइप करून बघा. दोन्ही पूर्ण दिसले तर पुढे जा. नाही दिसले तर अक्षर बारीक करू नका. रो उंच करा.