इंजिन बदलले, तारांचे काय?

चेन्नईतील पुदुपेट ही मोटारींच्या जुन्या सुट्या भागांची प्रसिद्ध पेठ. १९९८ साली, मी शाळकरी असताना, शेजारच्या मामींच्या अम्बॅसडरमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसविलेले मी तेथे पाहिले. इंजिन एका दिवसात बसले. तारांना चार दिवस लागले. डिझेलला ठिणगी नको, म्हणून कॉइल व डिस्ट्रिब्यूटर निघाले आणि थंड इंजिन तापविणारे ग्लो प्लग आले. ते प्रवाह फार ओढतात. कॉइलच्या बारीक तारेवर त्यांचा भार टाकला तर ती वितळायचीच! मिस्त्रींनी निराळी जाड तार ओढली, तीवर रिले व फ्यूज बसविला. इंजिन रबरी आधारांवर असते. त्यास सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह एखाद्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि ती लाल होते. “गाडीत मुले बसणार आहेत,” मामींनी दोनदा बजावले. मिस्त्री न रागावता प्रत्येक जोड ओढून दाखवीत होते. पत्र्याच्या ज्या छिद्रातून तारा जात होत्या, त्यास रबरी कडे बसेपर्यंत त्यांनी किल्ली कुणाच्या हाती दिली नाही.