हेंद्रेपाड्यातील अनुमती

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून हेंद्रेपाड्याकडे निघालो की नावातील 'पाडा' शोधावा लागतो. इमारतींच्या रांगा, दुकाने व रिक्षांची वर्दळ तेवढी दिसते. उल्हास नदी मात्र आपली जागा विसरलेली नाही. २००५ च्या जुलैतील महापूर आठवणारे रहिवासी पावसाळ्यात आकाशापेक्षा नदीकडे अधिक पाहतात.

येथे माझ्या चुलतभावाचे किराणा दुकान आहे. त्याच्या बी.कॉम. झालेल्या धाकट्या मुलीस दीक्षा घ्यावयाची आहे आणि तो अनुमती देत नाही. "वडीलधारे म्हणून तुम्ही समजवा," असे निरोप दोघांनीही धाडले होते. कोणास समजवायचे, हे ज्याने त्याने गृहीत धरले होते!

दीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वरघोडा, वर्षीदान आणि ओघा हाती येताच नाचणारा दीक्षार्थी उभा राहतो. पत्रिकाही आपण त्याच सोहळ्याच्या छापतो. परंतु आरंभ होतो तो घरच्यांच्या अनुमतीने. मग ओघा, वेशपरिवर्तन, केशलोच, नवे नाव आणि आजीवन सामायिकाची प्रतिज्ञा. एवढ्यानेही प्रवेश पुरा होत नाही. काही काळ अभ्यास व योगवहन झाल्यावर वडी दीक्षा होते, तेव्हा पाच महाव्रते उच्चारली जातात. दिगंबर परंपरेतही पायऱ्या आहेतच. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज आधी क्षुल्लक झाले, मुनिदीक्षा त्यांनी १९२० मध्ये यरनाळ येथे घेतली. बँकेत आम्हांसही प्रोबेशन असे व नंतर कायम करीत. मात्र तेथे राजीनाम्याचा कागद सदैव हाताशी होता.

श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांनी मातापिता हयात असेतो गृहत्याग केला नाही. त्यांच्या पश्चात ज्येष्ठ बंधू नंदीवर्धन यांच्या आग्रहाखातर ते आणखी दोन वर्षे घरी राहिले. भावास हे सांगावे म्हणून मी तोंड उघडले, तोच तो म्हणाला, "नंदीवर्धनाने दोन मागितली. मी पाच मागतो."

मुलगी गाळलेले पाणी भरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "काका, पप्पांनी वर्षे मागितली. नाही म्हटले नाही."

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली. मी समजूत कोणाचीच घातली नाही. भाऊ छत्री घेऊन स्थानकापर्यंत पोहोचवावयास आला. सारी वाट तो गप्प होता. गाडी फलाटास लागली तेव्हा त्याने विचारले, "दीक्षेनंतर वडी दीक्षा साधारण किती दिवसांनी होते?"