कोल्हापुरात एक दिवस : खरेदी, सिनेमा आणि इतिहास

शेतकऱ्याच्या घरातून शहराला जाण्याची कारणे ठरलेली असतात. दवाखाना, कोर्टकचेरी, बँक, नाहीतर लग्नाचा बस्ता. काम उरकले की घाईने परतीची एस.टी. धरायची, कारण धारांची वेळ चुकता कामा नये. घरच्या बाईचे तर त्याहून अवघड. कित्येक मायबहिणींनी अंबाबाईच्या देवळापलीकडचे कोल्हापूर पाहिलेले नसते.

म्हणून म्हणतो, सुगी आटोपली की एक दिवस मोकळा काढावा. धारांचे शेजाऱ्याला सांगावे आणि त्याच्या अडीनडीला आपण उभे राहावे. कामाशिवाय घालवलेला दिवस म्हणजे मोडलेला दिवस, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण बैलालाही बेंदराची सुट्टी असते. माणसाला का नसावी?

सकाळच्या गाडीने उतरले की आधी टाऊन हॉलमधले संग्रहालय पाहावे. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्यावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले. तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती इथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठचा माल घाट उतरून दर्यापार जात होता आणि तिकडच्या वस्तू इकडे येत होत्या, याचा हा पुरावा. व्यापार आपल्याला नवा नाही, हे मुलांना इथे दाखवावे.

जवळच दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याच्या आसपास निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे आहेत. खेड्यातला पोरगा शिकायला आला तर त्याने राहावे कुठे, खावे काय, हा प्रश्न महाराजांनी ओळखला. १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. आपला गूळ चांगल्या पेठेत विकला जावा म्हणून १८९५ साली शाहूपुरी वसवली. १९०७ साली भोगावतीवर धरण बांधायची योजना हाती घेतली, तेच आजचे राधानगरी. पैशाअभावी काम रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. महाराज १९२२ सालीच गेले होते. ज्याने धरण योजले त्याला भरलेले पाणी पाहायला मिळाले नाही. आज त्या पाण्यावर ऊस उभा आहे.

आता खरेदी. महाद्वार रोडला लुगडी, भांडी, खेळणी सगळे मिळते. गुजरीत सोन्याची दुकाने आहेत. तिथे पाहायला पैसे पडत नाहीत! चप्पल मात्र नीट पारखून घ्यावी. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेले चामडे, आणि शिवण चामड्याच्याच वादीची. २०१९ साली महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीतल्या एका बड्या कंपनीने तसल्याच चपला आपल्या म्हणून मिरवल्या, तेव्हा केवढा गवगवा झाला! कारागीर दिवसभर मान मोडून बसतो. त्याच्याशी भाव करताना आपल्या भाजीचा भाव अडत्याने पाडला की आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

दुपारी पोटभर जेवावे आणि सिनेमाला बसावे. हातातल्या मोबाइलवरही आता सिनेमा दिसतो. पण चारशे माणसांत बसून एकदम हसण्याची मजा त्यात नाही. आमची आई शेवटच्या प्रसंगाला रडली. शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाईही रडत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि डोळे पुसत हसल्या.

सिनेमा ही तर कोल्हापूरच्या घरची कला. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार. त्यांनी आपल्या माणसांच्या हातांनी कॅमेरा तयार केला, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली तिचा 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला आज त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचे स्मारक आहे, ते मुलांना जरूर दाखवावे. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत राबायला गेलेल्या शेतकऱ्याची ती मुकी गोष्ट. शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांतारामांनी केले होते. शंभर वर्षे होऊन गेली तरी ती गोष्ट जुनी झालेली नाही. म्हणून बाजारात हिंडताना एक नेम ठेवावा : खिशात आहे तेवढेच खर्चावे. हप्त्यावर आणलेली हौस घरात आली की पुढच्या पिकाला आधीच धनी मिळतो.

खरी कॉर्नरजवळच १९१२ सालचे खासबाग कुस्ती मैदान आहे. लगतचे १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या नाटकवेड्यांनीही हळहळ केली. परतताना बिंदू चौकात थांबावे. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे तिथे १९५० सालापासून आहेत. ते बसवले तेव्हा बाबासाहेब हयात होते.

जाता जाता एक पुस्तक घ्यावे. डॉ. जयसिंगराव पवार यांनी शाहू महाराजांवर लिहिलेले दुकानांत मिळते. साडी दोन वर्षांत विरते, पुस्तक नातवंडांपर्यंत पुरते. आम्ही आणले आणि रोज रात्री जेवणानंतर धाकटी मुलगी दोन पाने मोठ्याने वाचू लागली. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे वाचताना आईने तिला थांबवले.

"राजानं एवढं केलं, मग माझ्या वाट्याला शाळा का न्हाई आली गं?"

कोणी बोलले नाही. शाळा गावात होती. आईला गुरांमागे धाडणारे हात घरचेच होते. राजा कायदा करतो, पण उंबऱ्याच्या आतला कायदा आपणच करायचा असतो. आईने मग पुस्तक मांडीवर घेतले आणि अक्षर अक्षर जुळवत महाराजांचे नाव वाचले.

तर मंडळी, या वर्षी एक दिवस काढाच. कुठे जायचे, काय पाहायचे, हे मात्र घरातल्या बाईला आधी विचारा. तिला असे आजवर कोणी विचारलेले नसेल.