रांग आणि पंगत

व्यायामशाळा म्हटली कीं लोकांस मल्लखांब आठवतो, कुस्ती आठवते. लेझिमीचें पथक केवळ मिरवणुकीपुरतें समजलें जातें. आम्हांस तें पटत नाहीं. कुस्तींत दुसऱ्यास पाडावयाचें असतें; लेझिमींत शेजाऱ्याच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळवावयाचें असतें. एकाची सांखळी अवेळीं वाजली तरी सबंध रांगेचा ताल बिघडतो.

वऱ्हाडांत देशी व्यायामास मान मिळवून दिला तो अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या या संस्थेच्या चमूनें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं आपले खेळ जगापुढें मांडले. सागरपार वाखाणलेली ही विद्या गांवच्या वेशीआंत कशी वागते, हें मात्र आम्हीं बाभुळगांवीं पाहिलें.

१९७५ च्या सुमारास येथील पथकांत बहुतेक सर्व वस्त्यांचीं मुलें असत. श्रावण लागला कीं सायंकाळीं सराव सुरू होई. तो आटोपल्यावर भिजविलेले हरभरे आणि गूळ एकाच परातींतून खावयाचा. कोणाकडे लग्न निघालें कीं मांडव पथकानें घालावा, वाढपही त्यानेंच करावें. कोणी वारलें तर लांकडें जमविण्यास हींच मुलें धांवत. त्यासाठीं घटना-नियमांचें पुस्तक कोणी छापलें नव्हतें.

आमच्यापुढें डफडें वाजवीत चाले तो मातंग समाजांतील एक वृद्ध. त्याच्या ठेक्यावर साऱ्यांचीं पावलें पडत. महाप्रसादाच्या वेळीं मात्र त्याचें पान कडुनिंबाखालीं, वेगळें! राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केल्यास पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. पत्रावळींपर्यंत तें वृत्त पोंचलें नव्हतें, इतकेंच.

एका वर्षीं पथकांतील पांचसहा थोरलीं मुलें आपापलीं पानें उचलून निंबाखालीं जाऊन बसलीं. त्यांचें पाहून आम्ही धाकटेही गेलों. वाढपी थबकले. मग कोणी तरी पोळ्यांची टोपली घेऊन तिकडे वळलें. त्या रात्रीं घरोघर बोलणीं बसलीं. आमच्या आजीनें तर विहिरीवर स्नान घालूनच आम्हांस घरांत घेतलें. दोन घरांनीं आपलीं मुलें पथकांतून काढलीं. पण वेगळें पान त्यानंतर पडलें नाहीं.

खरी अडचण पुढेंच आली. वृद्ध थकला, तेव्हां त्याच्या मुलानें डफडें घेण्याचें नाकारलें. “मला लेझीम द्या,” म्हणाला. यांत वावगें काय होतें? परंतु मग वाजवावयाचें कोणीं? शेजारीं बसून जेवणारे हात चामड्यापाशीं अडले. पंक्तीस घेणें त्या मानानें सोपें. त्याचें काम आपल्या गळ्यांत अडकविणें निराळें. पंधरवडाभर पथक ठेक्यावांचून खोळंबलें. अखेर त्या मुलानेंच दोघांस वादन शिकविलें. त्यांतला एक भिक्षुकाच्या घरचा. डफडें तापविण्यासाठीं गवत पेटवितांना तो हमखास बोटें पोळून घेई.