जुनी नौका पारखताना

वैशाख सरत आला म्हणजे सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी या आमच्या पालघर तालुक्यातील गावांच्या किनाऱ्यांवर नौका वर ओढण्याची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तोवर जाळी घरी न्यायची, इंजिने खोलायची, नौका शाकारायच्या, अशी कामे एकामागून एक उरकली जातात. याच दिवसांत जुन्या नौकांची खरेदी-विक्रीही होते, आणि त्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. पाण्यात तरंगणारी नौका आपले अर्धे अंग झाकून ठेवते. ती वाळूवर आली की तिचे पोट, तिचा पठाण, तिचे सुकाण, सारे उघड्यावर येते. ज्याला घ्यायची आहे त्याने तेव्हाच पाहावे.

धर्मगुरूला नौकेतले काय कळते, असा प्रश्न वाचक विचारतील. फारसे काही कळत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. परंतु धर्मग्रामातील एखादे कुटुंब आपली सारी पुंजी एका व्यवहारात घालू पाहते, तेव्हा त्या व्यवहाराचा प्रश्न केवळ लाकूड आणि लोखंडाचा उरत नाही. तो घरातल्या चुलीचा, मुलांच्या शाळेचा आणि म्हाताऱ्या आईच्या झोपेचा होतो. असा प्रश्न आमच्या दाराशी आला, म्हणून आम्ही त्यात शिरलो.

कुटुंब मूळचे वसईच्या किनाऱ्यावरचे, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेले. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागले आणि बिऱ्हाड बोईसरला आले. मुलगाही कारखान्यात लागला, पण कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. हाती आली ती भरपाईची रक्कम. मामांबरोबर लहानपणापासून समुद्रावर गेलेला असल्यामुळे त्याच्या मनाने घेतले, की जुनी नौका घ्यावी आणि पुन्हा वडिलोपार्जित धंद्याला लागावे. भरपाई पुरेशी नव्हती. आईच्या पाटल्या गहाण ठेवायच्या आणि वर कर्ज काढायचे, असा त्याचा बेत होता. आई काही बोलत नव्हती. सूनबाई मात्र आमच्याकडे येऊन म्हणाली, "फादर, तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर जाऊन या. तुमच्यासमोर ते घाई करणार नाहीत."

आम्ही गेलो, पण एकटे नव्हे. उभे आयुष्य नौका बांधण्यात गेलेले एक वृद्ध सुतारकाका आम्ही सोबत घेतले. सातपाटीची नौका ही काही सामान्य वस्तू नव्हे. मत्स्यव्यवसायाच्या पाठ्यपुस्तकांत सातपाटी पद्धतीच्या नौकेची स्वतंत्र नोंद आहे. सरळ पठाण, टोकदार नाळ आणि रुंद अंग ही तिची लक्षणे. ज्या पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्याची कीर्ती या नौकांनीच दूरवर नेली.

पहिली नौका डोळे दिपवणारी होती. सहा सिलिंडरचे इंजिन, ताजा निळा-पांढरा रंग, आणि वेगाची वाखाणणी करणारा मालक. तरुणाचा चेहरा खुलला. सुतारकाकांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी पठाणालगत सूत धरले आणि एक डोळा मिटून ते पाहिले. मग हातोडीच्या दांड्याने फळ्यांवर ठोके देत ते नौकेभोवती फिरले. सुदृढ लाकूड खणखणीत बोलते, आतून कुजलेले भद्द वाजते. खिळ्यांच्या जागी रंगातून तांबूस ओघळ उतरले असतील तर लोखंड गंजले आहे असे समजावे. हे सर्व पाहून झाल्यावर त्यांनी तरुणाला एकच प्रश्न केला, "ही खाडीत शिरणार कधी?"

प्रश्नाचे मर्म आम्हाला मागाहून उमगले. सातपाटी-मुरब्याची खाडी गाळाने भरत चालली आहे. ओहोटीला मोठ्या नौकांना आत येता येत नाही, भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळावे लागते. जितकी नौका मोठी आणि तिचे बूड खोल, तितका हा खोळंबा अधिक. समुद्रावर तासभर वाचवणारा वेग खाडीच्या मुखाशी चार तास गमावत असेल, तर त्या वेगाचे मोल किती? शिवाय मोठे इंजिन डिझेलही त्याच मानाने पिते. सामर्थ्य म्हणजे नेहमीच सोय नव्हे, हा धडा त्या तरुणाने वाळूवर उभे राहून घेतला.

दुसऱ्या नौकेवर बाहेरून फायबरचे आवरण चढवले होते. ती गुळगुळीत दिसत होती आणि किंमतही बेताची होती. काका म्हणाले, "नव्या फायबरच्या होडीला माझी ना नाही. पण जुन्या लाकडावर फायबर म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. आत काय चालले आहे ते देवालाच ठाऊक." आत वाकून त्यांनी टोच्याने वाकांची बुडखी तपासली, तेव्हा दोन ठिकाणी टोचा लोण्यात शिरावा तसा गेला. खारे पाणी लाकूड राखते, पावसाचे गोडे पाणी साचून राहिले तर ते कुजवते. म्हणून जुन्या नौकेत समुद्राकडची बाजू पाहून भागत नाही. फळ्यांखालचे, हवा न लागणारे कोपरे हात घालून पाहावे लागतात.

तिसरी नौका पाहताच तरुणाने मान फिरवली. रंग उडालेला, आणि अंगावर जुन्या-नव्या फळ्यांची ठिगळे. परंतु तिचा वयोवृद्ध नाखवा आम्हाला स्वतःच तिच्याभोवती घेऊन गेला. ही फळी दोन वर्षांपूर्वी बदलली, ही पुढच्या हंगामात बदलावी लागेल, पंख्याच्या दांड्यापाशी थोडे पाणी येते, इंजिन थंड असताना सुरुवातीला निळा धूर टाकते म्हणजे तेल जाळते, असे त्याने एकेक सांगितले. शेवटी तो म्हणाला, "सोसायटीचे थोडे कर्ज अजून बाकी आहे. ते फिटल्याशिवाय नाव तुमच्या नावावर होणार नाही. मी फेडतो, मग या." मुलगे शहरात नोकरीला गेल्यामुळे तो नौका विकत होता. तिच्या नाळेवर हात ठेवून तो बोलत असता आम्हाला एखादा बाप मुलीचे स्थळ पाहायला आलेल्यांशी बोलत असल्याचा भास झाला.

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचा क्रय-विक्रयाच्या न्यायाविषयीचा भाग शिकलो होतो. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे काय, हा प्रश्न त्यांनी तेराव्या शतकात विचारला. त्यांचे उत्तर असे, की जो दोष उघड दिसतो आणि ज्यामुळे किंमत योग्य तितकी उतरवली आहे, तो बोलून दाखवण्याचे बंधन नाही. पण जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याची हानी होईल किंवा त्याच्या जिवाला धोका पोहोचेल, तो न सांगणे हा अन्याय होय. परीक्षेपुरता पाठ केलेला तो भाग त्या दिवशी मुरब्याच्या वाळूवर आमच्यासमोर जिवंत उभा राहिला. त्या नाखव्याने अक्विनासचे नावही ऐकलेले नसावे, पण त्या शिकवणुकीचे पालन त्याने अक्षरशः केले होते.

जुन्या आणि ठिगळ लावलेल्या नौकेविषयी तुच्छता बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८६ साली मोठ्या अवर्षणात गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसार गावाजवळच्या चिखलात एक प्राचीन नौका सापडली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. अभ्यासकांनी तिचा काळ प्रभू येशूच्या शतकाच्या आसपासचा ठरवला. ती प्रभूचीच होती असे कोणी म्हणू नये, तसा काहीही पुरावा नाही. परंतु शिमोन पेत्राच्या काळचे कोळी कसल्या नौका वापरत असत, हे तिने दाखवून दिले. तिच्यात दहा-बारा जातींचे लाकूड आहे. काही तुकडे दुसऱ्या नौकांतून काढून बसवलेले आहेत. पुन्हा पुन्हा दुरुस्त करून ती वापरली गेली आणि अखेरीस उपयोगी भाग काढून घेऊन तिचे बूड सोडून दिले गेले. गरीब कोळ्यांनी जुन्यातून जुने जोडीत तिला जगवले होते. अशाच एखाद्या नौकेत बसून आपल्या प्रभूने लोकसमुदायाला उपदेश केला असेल, हा विचार आम्हाला गहिवर आणतो.

आजच्या जगातही जुन्या नौकेचा मान संपलेला नाही. १९६८-६९ च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ दर्यावर्दी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, आणि तीही आपल्या मुंबईत सागवानाने बांधलेल्या 'सुहैली' या ३२ फुटी शिडाच्या नौकेतून. ती शर्यतीतली वेगवान नौका नव्हती. वाटेत तिच्या फटींतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात बुडी मारून त्या फटी बुजवल्या. याच शर्यतीच्या २०२२ च्या आवृत्तीत आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी 'बयानात' नावाची वापरलेली नौका घेतली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळवला. २०१८ च्या वादळात पाठीचा कणा मोडलेला हा माणूस. त्यांच्या दोन दिवस आधी पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर हिचीही नौका जुनीच होती. कॅनडातील एका बेटावर हिवाळाभर राहून, कारागिराच्या जोडीने स्वतः काम करून, तिने ती नव्याने उभी केली होती. फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांची नौका मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये काही मिनिटांतच बुडाली, आणि त्यांना वाचवायला वाट वाकडी करून धावली ती हीच कर्स्टन. जुनी नौका तारते तशी बुडवतेही. म्हणून ती घेणाऱ्याने खरेदीच्या किमतीवर न थांबता दुरुस्तीसाठी वेळ, पैसा आणि घाम वेगळा राखून ठेवावा लागतो.

घरी परतल्यावर हिशेब मांडला गेला. तरुणाने मासळीचा अंदाज मांडला, डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा केला, कर्जाचा हप्ता लिहिला. त्याची पत्नी भाकऱ्या थापत ऐकत होती. तिने मान न वळवता विचारले, "आणि जून-जुलैचा हप्ता कुठून?" घरात क्षणभर कोणी बोलले नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्या माऊलीने तेच चुलीपाशी बसून सांगितले.

एवढ्यावर प्रश्न संपत नव्हता. मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, हे कोणताही कोळी सांगेल. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदरामुळे आपल्या मासेमारीच्या जागा जातील, ही भीती किनाऱ्यावरच्या गावांनी वारंवार बोलून दाखवली आहे. अशा वेळी वीस वर्षांचे कर्ज मनात धरून मोठी नौका घेणे आणि आज परवडेल अशी लहान नौका घेणे, यांत मोठा फरक आहे. आम्ही तरुणाला इतकेच म्हणालो, "बाळ, समुद्रावर जाऊ नकोस असे आम्ही म्हणणार नाही. पण आईच्या पाटल्या पेटीतच राहू देत. जे घ्यायचे ते स्वतःच्या पैशाच्या आत घे, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा दुरुस्तीला आणि पावसाळ्याला ठेव."

त्याने तिसरी नौका घेतली. नाखव्याने शब्द पाळला. सोसायटीचे कर्ज फेडले, नोंदणीचे कागद, मासेमारीचा परवाना आणि ना-हरकत दाखला हातात दिला, आणि मगच पैसे स्वीकारले. पावसाळ्यात सुतारकाकांनी चार फळ्या बदलल्या. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरली तेव्हा आम्ही प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडले, आणि नाखव्याने आपल्या रीतीप्रमाणे समुद्राला नारळ वाहिला. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची अडचण वाटली नाही.

पहिला हंगाम बेताचाच गेला. घर चालले, सोने हलले नाही, इतकेच सांगता येईल. तरीही आमच्या वाचकांतील अनेक कुटुंबे आज ना उद्या असा एखादा व्यवहार करणार आहेत. नौकेचा नसेल, तर रिक्षाचा, विहिरीच्या पंपाचा, जुन्या घराचा. त्यांना आमचे सांगणे आहे, की रंग पाहून भुलू नका आणि जाणत्या माणसाला सोबत न्या. कागद आणि कर्ज आधी पाहा. घरातली जी व्यक्ती गप्प आहे तिला विचारा. आणि विकायची वेळ आपल्यावर आली, तर आपल्या वस्तूतला लपलेला दोष आपण होऊन सांगा. नौकेला दिलेला आशीर्वाद कुजलेली फळी सांधत नाही. ती माणसालाच बदलावी लागते. आशीर्वाद असतो तो त्या नौकेत बसणाऱ्यांसाठी, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी.