रिस्टोअर दाबण्याआधी



दशलक्षण पर्व तोंडावर आलं की आपल्या सगळ्यांच्याच घरी आवराआवर सुरू होते. डबे घासायचे, धान्य निवडायचं, पाण्याची गाळणी नवी शिवायची, पूजेची धोतरं-साड्या वेगळ्या काढायच्या. माझ्याकडे यात आणखी एक काम असतं. कपाटाच्या वरच्या खणातून आक्कांचा आयपॉड काढून रात्रभर चार्जिंगला लावायचा.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आणि आयपॉड खरं तर माझा, पण घरात त्याला सगळे 'आक्कांचा'च म्हणतात. दिरांनी 2010 साली परदेशातून येताना तो माझ्यासाठी आणला. नॅनो म्हणतात तो, काडेपेटीपेक्षा थोडा लांब आणि पट्टीसारखा चपटा. त्या मॉडेलला बारीकसा माइक होता, म्हणजे आवाज टिपता यायचा. मला त्यावर भजनं ऐकायची होती. आवाज टिपायची कल्पना नंतर सुचली.

आक्कांना सगळं तत्त्वार्थसूत्र तोंडपाठ होतं. दहा अध्याय, 357 सूत्रं. माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे मराठी बोलताना कानडी हेल यायचा, पण सूत्रं म्हणताना एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पर्वाच्या दहा दिवसांत रोज सकाळी बस्तीतून आल्यावर त्या देवघरासमोर बसून एक अध्याय म्हणायच्या आणि मी शेजारी भाजी निवडत ऐकायची. लग्न झाल्या वर्षापासून त्या मला सांगायच्या, "रोज एक सूत्र पाठ कर. वर्षात होतंय सगळं." मी दरवर्षी हो म्हणायची. आणि त्या वर्षी हातात आयपॉड आल्यावर म्हटलं, "आक्का, तुम्ही म्हणा, मी रेकॉर्ड करते. म्हणजे कायमचंच झालं."

दहा दिवस, दहा रेकॉर्डिंग. पहिल्या दिवसाच्या शेवटी त्यांचा आवाज येतो, "झालं का ग? ह्या डबीला पाठ झालं. तुला कधी होणार?" आणि मागून माझं हसणं ऐकू येतं. एकच अट त्यांनी घातली होती. सामायिकाला बसले असताना ही विजेची डबी जवळ नको. ती अट मी अजून पाळते.

2015 साली आक्का गेल्या. तेव्हापासून पर्वात रोज सकाळी एक अध्याय त्यांच्या आवाजात ऐकायचा, असा नेमच झाला. तिसऱ्या अध्यायात मागे कुकरची शिट्टी आहे. सहाव्यात माझी लेक, तेव्हा लहान होती, "आजी, भूक लागली" म्हणते आणि आक्का न थांबता पुढचं सूत्र म्हणतात. माझ्यासाठी ती शिट्टीसुद्धा त्या अध्यायाचाच भाग झाली आहे.

गेल्या भाद्रपदात तृतीयेला दुपारी मी तो आयपॉड लेकीच्या घरी ठेवलेल्या लॅपटॉपला जोडला. चार नवीन पूजा त्यात भरायच्या होत्या. स्क्रीनवर विचारणा आली, नवीन सॉफ्टवेअर आहे, अपडेट करू का? इतक्या वर्षांत त्याचं कधी अपडेट केलंच नव्हतं. म्हटलं चांगलंच आहे, करून टाकू. पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. केबल काढू नका, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. पण बस्तीत पर्वाच्या तयारीची बैठक होती, मला उशीर होत होता, आणि पट्टी काही हलेना. मी केबल ओढून काढली.

संध्याकाळी पाहिलं तर गाण्यांची यादी नाही, काही नाही. नुसतं एक वाक्य, संगणकाला जोडा आणि रिस्टोअर करा.

मी काय केलं असेल? लेकीला फोन लावला. ती पुण्याला हॉस्टेलवर असते. "तुझ्या लॅपटॉपमध्ये काय काय भरून ठेवलंयस? आजीचा आयपॉड बिघडला ना त्यानं!" बरीच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आई, केबल कधी काढलीस?" मी गप्प. मग ती म्हणाली, "आता एकच कर. रिस्टोअर अजिबात दाबू नकोस आणि दुसऱ्या कुणाला दाबू देऊ नकोस. शनिवारी मी येते."

तरी मला धीर कुठला! दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. बाजार निम्मा बंद, पण मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान उघडं दिसलं. त्या मुलानं हातात घेतला, पाहिला आणि म्हणाला, "काकू, दोन मिनिटांचं काम. रिस्टोअर मारतो, नव्यासारखा होईल." मी विचारलं, "आतलं राहील ना?" तो म्हणाला, "आतलं सगळं जाणार की. नव्यासारखा म्हणजे रिकामा." मी आयपॉड त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

लेकीनं नंतर मला नीट समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण फोन असो की आणखी काही, हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. अपडेट म्हणजे यंत्र चालवणारी आज्ञावली बदलायची, आपल्या वस्तू तशाच ठेवायच्या. रिस्टोअर म्हणजे घर धुऊन पुसून रिकामं करून नव्या बिऱ्हाडाला द्यायचं. शब्द ऐकून आपल्याला वाटतं गेलेलं परत मिळणार. पण परत मिळतं ते यंत्र. आपण त्यात ठेवलेलं जातं.

पंचमी उजाडली. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बस्तीत अभिषेक झाला, घरी आले, देवघरासमोर बसले आणि हात सवयीनं आयपॉडकडे गेला. तो नव्हता म्हणून आक्कांची पोथी उघडली. म्हटलं, इतकी वर्षं ऐकतेय, येत असेलच की. पहिला अध्याय बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अध्यायात चार-पाच वेळा अडखळले. तिसऱ्या दिवशी तिसरा अध्याय. त्यात जंबूद्वीपाचे पर्वत, सरोवरं, चौदा नद्या. आक्का त्या नद्यांची नावं अशी सरसर म्हणायच्या की पाणी वाहतंय असं वाटायचं. मी गंगा, सिंधू म्हटलं, रोहित म्हटलं आणि थांबले. पोथी समोर होती, पण शब्द कुठं तोडायचा तेच कळेना. कुकरची शिट्टी नेमकी कुठं येते ते मला माहीत होतं. सूत्र माहीत नव्हतं.

पोथी मिटून मी तशीच बसून राहिले. आयपॉड बिघडल्याचं दुःख तीन दिवस करत होते, त्या सकाळी वेगळंच वाटलं. आक्कांनी मला द्यायला काढलं होतं ते मी हातात घेतलंच नव्हतं. डबीत ठेवलं, झाकण लावलं, आणि दरवर्षी झाकण उघडून वास घेतला.

त्याच दिवशी, शनिवारी, दुपारी लेक आली. आल्या आल्या मी तिला म्हटलं, "परवा तुला उगाच बोलले ग. केबल मीच काढली होती. मला क्षमा कर." क्षमावाणीला आठवडा होता, पण तिला क्षमावाणीच्या गर्दीत, शंभर जणांना पाठवायच्या निरोपात उरकायचं नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "आधी आजीला बाहेर काढू, मग बघू."

तिनं काय केलं ते पाहण्यासारखं होतं. आधी वरची होल्डची कळ एकदा सरकवून परत जागेवर आणली. मग मेनू आणि मधलं बटण दोन्ही एकदम दाबून धरलं. साताठ सेकंदांनी पडदा काळा होऊन सफरचंद दिसलं, तशी लगेच बोटं बदलून मधलं बटण आणि प्ले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. मी मनात णमोकार म्हणत होते. तिसऱ्यांदा पडद्यावर वेगळीच अक्षरं आली. याला डिस्क मोड म्हणतात म्हणे. गाणी वाजवणारा भाग बंद, पण आतलं कोठार संगणकाला पेन ड्राइव्हसारखं दिसतं. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही, हेही तिनं बजावलं. आमचं कोठार शाबूत होतं, एवढंच.

लॅपटॉपवर पुन्हा तो निरोप आला, रिस्टोअर करा. तिनं रद्द केलं. मग आतले कप्पे उघडले. भजनं एका लपवलेल्या कप्प्यात होती आणि सगळ्यांची नावं चार-चार अक्षरांची, अर्थ नसलेली. मला घाबरायला झालं. ती म्हणाली, "अगं, खरं नाव फाइलच्या पोटात असतं, काळजी नको." आणि रेकॉर्डिंगचा कप्पा वेगळा. त्यात दहा ओळी. नाव नाही, नुसती तारीख आणि वेळ. सप्टेंबर 2010, सगळ्या सकाळच्या.

तिनं त्या दहाही आधी लॅपटॉपमध्ये उतरवल्या, मग पेन ड्राइव्हवर, आणि एकेक उघडून शेवटपर्यंत वाजते का ते तपासलं. पहिली लावली. आक्का सुरू झाल्या. आम्ही दोघी काही बोललो नाही. शेवटी तो प्रश्न आलाच, "तुला कधी होणार?" दरवर्षी मी तिथं हसते. या वेळी हसू आलं नाही.

सगळं उतरल्यावर तिनं मलाच म्हटलं, "आता तू दाब." मी रिस्टोअर दाबलं. या वेळी पट्टी थांबली तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसले. दिवे लागायच्या आधी जेवण आटपायचं होतं, तरी उठले नाही. काही वेळानं यंत्र सुरू झालं आणि पहिल्यांदा आणल्यासारखं विचारलं, भाषा कोणती? कोरं करकरीत. सहाशेच्या वर भजनं होती, त्यातली निवडक चाळीसच परत भरली. बाकीची कधी ऐकत होते, तेही आठवेना. आक्कांचे दहा अध्याय मात्र सगळ्यांत आधी गेले.

नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, प्रवचनात विषय निघाला की परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या मूर्च्छेत असतो. मला वाटलं, आक्कांच्या आवाजावरची माझी ओढ ही मूर्च्छाच का? खूप विचार केला. आवाज जपण्यात चूक नाही, असंच अजून वाटतं. पण ज्यासाठी त्यांनी तो आवाज दिला ते न घेता नुसता आवाजच कवटाळून बसले, ती मूर्च्छा होती. आक्कांना स्वतःचा आवाज मागे ठेवायचा नव्हता. त्यांना सूत्रं मागे ठेवायची होती.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवसापासून मी पाठ करायला लागले. रोज एकच सूत्र. सकाळी पाणी गाळताना म्हणायचं, दळण काढताना म्हणायचं, रात्री झोपण्याआधी आदल्या दिवसांची उजळणी. अडलं तर आक्कांना लावायचं, त्या कुठं थांबतात ते ऐकायचं, आणि बंद करून आपण म्हणायचं. पन्नाशीत डोकं लवकर धरत नाही. काही सूत्रांना आठवडा लागला, नद्यांना तर दोन. आता पाचवा अध्याय चालू आहे. वर्षात होतंय म्हणाल्या होत्या, मला दोन लागतील असं दिसतंय. रविवारी संध्याकाळी लेक फोनवर असते, मी म्हणते आणि ती पोथी बघून चुका काढते. परवा मी अडले तेव्हा पुढचं सूत्र तीच म्हणाली, पोथी न बघता. ऐकून ऐकून तिलाही व्हायला लागलंय.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही कुठल्या जुन्या फोनमध्ये, कॅसेटमध्ये कुणाची आरती, कुणाचं भक्तामर, कुणाची ओवी असेल. या पर्वाच्या आधी ते शोधून काढा. एकाऐवजी तीन ठिकाणी उतरवून ठेवा. एक प्रत दुसऱ्याच्या घरी असू द्या, आमची एक नणंदेकडे आहे. कुणी यंत्र दुरुस्तीला नेलं तर आधी विचारा, आतलं राहणार का. आणि उतरवून झालं की त्यातलं थोडं तरी पाठ करायला घ्या.

पंचमीला आयपॉड पुन्हा चार्जिंगला लागेलच. पण पहिला अध्याय या वर्षी आधी मी म्हणणार आहे, मग आक्का म्हणतील.

जय जिनेंद्र.